स्वतःच्या सोयीने

कालव्याच्या पुलावर ट्रॅक्टर वळला आणि ट्रॉलीचा मागचा फाळका सुटला. त्याची खिट्टी कधीच हरवली होती. महिनाभर फाळका तारेनं बांधलेला होता, आणि त्या दिवशी तारच तुटली. फाळक्याला पाठ टेकून बसलेली कात्री मागच्या मागं रस्त्यावर गेली.

पडताना तिनं उजवा हात टेकला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, तो तिनं स्वतः ऐकला. मग कंबर आपटली. ट्रॉलीतल्या बायका ओरडत होत्या, "थांबव रे, थांबव!" पण इंजिनाच्या धडधडीत ड्रायव्हरला काही ऐकू जाईना. शेवटी सगळ्यांत जुन्या मोठीबाईनं पायातली चप्पल काढून त्याच्या पाठीत हाणली, तेव्हा ट्रॅक्टर थांबला.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. काम पाचला सुटलं होतं. या अर्ध्या तासावरून पुढं काय काय होणार होतं, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

कात्री हे तिचं खरं नाव नव्हे. नवरा न्हावी होता हे त्या नावाचं एक कारण, आणि दुसरं कारण तिच्या तोंडात होतं. टोमॅटोच्या हंगामात ती कंपनीच्या मळ्यात तोडणीला जायची. मळा अकरा किलोमीटरवर. सकाळी सहाला ट्रॉली फाट्यावर यायची आणि चौतीस बायका मेंढरांसारख्या आत कोंबल्या जायच्या. सातला तोडणी सुरू. वाकून वाकून कमरेचा पिळा व्हायचा, झाडांचा हिरवा-काळा चिकटा कोपरापर्यंत बसायचा, आणि घरी साबण लावला की मोरीत पिवळंजर्द पाणी वाहायचं. पण तिच्याइतके क्रेट दिवसाला दुसरं कुणी भरत नसे. दोन्ही हात सारखे चालायचे. मुकादम म्हणायचा, "हिला चार हात आहेत."

आता एकच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरनं मनगटात स्टीलची पट्टी बसवली, वर प्लास्टर घातलं. दोन महिने हात हलवायचा नाही म्हणाला. "आणि नंतर?" कात्रीनं विचारलं. डॉक्टर कागदावर लिहीत राहिला. "नंतर बघू," म्हणाला. बघू म्हणजे काय ते तिला कळलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी तिला कळलं की उजव्या हाताशिवाय माणसाला आपलं म्हणून काही करता येत नाही. भाताचा घास डाव्या हातानं तोंडापर्यंत नेईतो निम्मा मांडीवर सांडायचा. कपड्याची नाडी सासू बांधून द्यायची, आणि बांधताना दर वेळी "हं, पोट आत घे" म्हणायची, लहान पोरीला म्हणावं तसं. केसांचं काम नवऱ्याकडं आलं. न्हाव्यानं गावातल्या चार पिढ्यांची डोकी हाताखालून काढली होती, पण वेणी घालायची म्हटल्यावर तो घामाघूम झाला.

"ओढू नका हो!"

"मग कशी घालू? मला केस कापायची सवय. राखायची नाही."

"तीन पेड असतात. तुम्ही चार केलेत."

सासू कोपऱ्यात बसून हसून हसून खोकायला लागली. त्या घरात त्या आठवड्यात तेवढंच हसू झालं.

पाचव्या दिवशी मुकादम न्हाव्याच्या दुकानात आला. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि बाहेर एक बाकडं. मुकादम खुर्चीत ऐसपैस बसला, मान मागं टाकली. "दाढी कर," म्हणाला. न्हाव्यानं साबण फेसाळला. फेस गालावर बसल्यावर मुकादमानं डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली.

"कशी आहे बायको?"

"आहे आपली."

"वाईट झालं. पण एक सांगू का? कंपनीचं काम पाचला संपतं. पाचला हजेरीच्या वहीत रेघ मारली जाते. त्यानंतर माणूस पडलं, झडलं, तर तो कंपनीचा प्रश्न राहत नाही. रस्त्याचा राहतो."

वस्तरा गळ्याशी आला होता.

"तरी साहेब माणूस चांगला आहे," मुकादम म्हणाला. "दवाखान्याचं बिल माणुसकीनं देऊ म्हणाला. फक्त एका कागदावर तुझ्या बायकोची सही हवी. माझ्या खिशात आहे. दाढी झाली की देतो."

न्हाव्यानं दाढी पुरी केली, तुरटी फिरवली आणि कागद घेतला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "वस्तरा माझ्या हातात होता, मान त्याची होती, आणि थरथरत मी होतो. काय माणूस मी!"

"आधी कागद वाचा," कात्री म्हणाली.

त्यानं वाचला. मजकूर चारच ओळींचा. 'सदर महिला कामाची वेळ संपल्यानंतर, स्वतःच्या सोयीने, ट्रॉलीतून प्रवास करत असताना, सूचना देऊनही उभी राहिल्यामुळे तोल जाऊन पडली. सदर घटनेचा कंपनीच्या कामाशी संबंध नाही व याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.'

सासू आधी म्हणाली, "कर सही आणि मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? उद्या मुकादमानं दुसऱ्या न्हाव्याला फाट्यावर खुर्ची टाकून दिली तर याचं दुकान बसेल."

"आई, ते सगळं खरं," कात्री म्हणाली. "अहो, ते मधलं परत वाचा. कशानं प्रवास करत असताना?"

"स्वतःच्या सोयीने."

"सोयीने!" कात्री उठून उभीच राहिली. कमरेतून कळ गेली तशी भिंतीला टेकली. "चौतीस बायका एका ट्रॉलीत. मांडीवर मांडी. कुणाची शिंक कुणाच्या मानेवर. वर फाळक्याला तार. ही माझी सोय?"

"आणि उभी कुठं होतीस तू?" सासूनं विचारलं.

"बसलेली होते, आई. फाळक्याला टेकून."

म्हातारीनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो डोळ्यांजवळ नेला. मग परत दिला. "गरिबाला पाडावं, ते एक वेळ चालतं म्हणू," ती म्हणाली. "पण वर त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं की मीच उडी मारली? नको करूस सही."

दुसऱ्या दिवशी कात्री भाजीच्या टेम्पोत बसून मळ्यावर गेली. नवरा येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. "तुम्ही आलात की ते तुमच्याशी बोलतील. पडलेय मी."

ऑफिसात पंखा होता, टेबलामागं मॅनेजर होता. तरुणच होता, बोलायला गोड. त्यानं तिला खुर्ची दिली नाही, पण "बसा ना" असं म्हणाला, आणि खुर्ची नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. कात्री उभी राहिली.

"सही नाही करणार मी," ती म्हणाली. "मी काम करताना पडले. भरपाईचा जो काही कायदा असेल, त्याप्रमाणं द्या."

"बाई, काम करताना नाही. घरी जाताना." त्यानं हजेरीची वही उघडून फिरवली. "ही बघा रेघ. पाच वाजता. तुम्ही पडलात साडेपाचला."

"सकाळी ट्रॉली चुकली आणि मागून चालत आले, तर तुम्ही अर्धा दिवस कापता. मग तेव्हा ट्रॉली कामाची होते आणि संध्याकाळी माझी होते का?"

"तो शिस्तीचा भाग झाला."

"आणि पाचला मळ्यावरून दुसरी कुठली गाडी निघते?"

मॅनेजर हसला. "हे बघा, ट्रॉली ही आम्ही दिलेली सवलत आहे. बसा म्हणून कुणाची जबरदस्ती नाही. ज्याला नको त्यानं चालत यावं. आमची काय हरकत?"

कात्री दाराकडं वळली. मग म्हणाली, "हे जरा बाहेर येऊन सांगाल का? बायकांना माहीत नाही."

तो आला. त्याला त्यात अडचण काहीच दिसली नाही. बाहेर वजनकाट्याशी बायका क्रेट घेऊन रांगेत होत्या. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. मॅनेजर ओट्यावर उभा राहून म्हणाला, "ट्रॉली कंपनीच्या कामात येत नाही. ज्याला बसायचं तो आपल्या जबाबदारीवर बसेल. ज्याला नाही बसायचं तो चालत येऊ शकतो." एवढं बोलून तो पंख्याखाली गेला.

मोठीबाईनं डोक्यावरचा क्रेट दाणकन काट्यावर ठेवला. तीस वर्षं तोडणी केलेली ती बाई, गुडघे गेलेले, पण रांगेत तिचा शब्द चालायचा. "म्हणजे उद्या मी पडले तर मीही सोयीनंच पडणार," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी बायका कात्रीच्या दारात जमल्या. काम बंद करायचं की काय, यावरून भांडण झालं म्हणायला हरकत नाही. एक म्हणाली, पोट हातावर आहे, हे थेर परवडणारे नाहीत. दुसरी म्हणाली, कात्रीचा हात गेला तो गेला, आता आमचे पाय का तोडता? कात्रीनं ऐकून घेतलं. तिला राग आला नाही. त्यांच्या जागी असती तर तीही हेच बोलली असती.

"मी कुणाला काम बंद करा म्हणत नाही," ती म्हणाली. "काम करायचंच. फक्त साहेबानं सांगितलंय तसं करायचं. चालत जायचं. मीही येते तुमच्याबरोबर."

"तुला तर काम पण नाही तिथं," मोठीबाई म्हणाली.

"पाय आहेत ना."

सकाळी सहाला ट्रॉली फाट्यावर आली. फाळक्याला नवी तार होती. बायका ट्रॉलीच्या बाजूनं रस्त्याला लागल्या. मुकादम ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याला वाटलं थट्टा आहे. ट्रॅक्टर त्यांच्या चालीनं हळूहळू चालवायला लावत तो वरून ओरडायला लागला, "बसा गं बायांनो! उशीर होतोय!"

"नको मुकादम," मोठीबाई म्हणाली. "काम अजून सुरू झालेलं नाही. वाटेत पडलो बिडलो तर तुमच्या डोक्याला ताप."

"अगं, गुडघे बघ तुझे!"

"माझे गुडघे माझ्या जबाबदारीवर आहेत."

बायका हसल्या. अकरा किलोमीटर हसत जाता येत नाही. तिसऱ्या किलोमीटरला चपला हातात आल्या, सातव्याला बोलणं संपलं. कात्रीच्या गळ्यातल्या झोळीत प्लास्टरचा हात दर पावलाला हिसका खात होता. ती दात आवळून चालत राहिली. पावणेनऊला त्या मळ्यावर पोचल्या, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

टोमॅटोची तोडणी सकाळच्या गारव्यात होते. ऊन चढलं की फळ तापतं, तापलेलं फळ क्रेटात दबतं आणि फुटतं. सॉसच्या कारखान्याचा ट्रक दुपारी एकला लागायचा. त्या दिवशी तो निम्मा रिकामा गेला. मुकादमानं सगळ्यांचा अर्धा दिवस कापला. संध्याकाळी पाचला रेघ मारली, आणि बायका पुन्हा चालत निघाल्या. घरी पोचल्यावर काहींना चूल पेटवायचंही त्राण नव्हतं. न्हाव्यानं दुकान लवकर बंद केलं आणि कात्रीचे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात धरून बसला. टाचेला बोराएवढे फोड आले होते.

"सोडून दे," तो म्हणाला. मग फोडांवरून पाणी सोडत म्हणाला, "नाही, सोडू नकोस. मी उगाच बोललो."

दुसऱ्या दिवशी सात बायका ट्रॉलीत बसल्या. मान खाली घालून बसल्या, आणि चालणाऱ्यांपैकी कुणी त्यांना शब्दानं डिवचलं नाही. सत्तावीस चालल्या. त्या दिवशी ट्रक तासभर थांबला आणि तरी भरला नाही. झाडावर लाल फळ तडकायला लागलं होतं. मळ्यात आंबूस वास सुटला. मॅनेजर दोनदा बांधावर येऊन उभा राहिला, फोनवर कुणाला तरी "हो सर, हो सर" म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा पॅकिंग शेडच्या दारावर कागद चिकटवलेला होता. खळ अजून ओली होती. मुकादम बाजूला कमरेवर हात ठेवून उभा.

"वाचा," तो म्हणाला. "आता बघतो कशा चालता."

बायकांतली एक शाळेत गेलेली होती. तिनं मोठ्यानं वाचलं, 'सर्व तोडणी मजुरांनी कंपनीच्या ट्रॉलीनेच येणे व जाणे बंधनकारक आहे. अन्य मार्गाने येणाऱ्या मजुराची हजेरी लागणार नाही व त्यास कामावर घेतले जाणार नाही.' खाली मॅनेजरची सही. सहीवर कंपनीचा गोल शिक्का.

"येणे व जाणे?" कात्रीनं विचारलं.

"येणे व जाणे."

"बंधनकारक?"

"बंधनकारक."

कात्री दाराशी गेली. डाव्या हाताचं नख कागदाच्या कोपऱ्याखाली घातलं आणि ओल्या खळीवरून कागद अलगद सोलून काढला. इतक्या सावकाश, की मुकादमाला ती काय करतेय हे कळेपर्यंत तो तिच्या हातात आला होता.

"ए! ठेव तो तिथं! कंपनीचा कागद आहे!"

"म्हणूनच घेतला," ती म्हणाली.

मुकादम पुढं आला. तेवढ्यात मोठीबाई मध्ये उभी राहिली, आणि तिच्यामागं बाकीच्या. कुणी हात उचलला नाही, कुणी ओरडलं नाही. काळ्या चिकट हातांच्या सव्वीस बायका नुसत्या उभ्या होत्या. मुकादम थांबला.

"चला गं," मोठीबाई म्हणाली. "साहेबाचा हुकूम आहे. उद्यापासून ट्रॉलीत बसायचं. आणि आज जाताना पण."

कामगार कचेरी मोठ्या गावात होती, बसनं दीड तास. पहिल्या खेपेला तिथल्या कारकुनानं अर्ज न बघताच सांगितलं, "घरी जातानाचा अपघात? यात बसत नाही." कात्रीनं शेडवरचा कागद त्याच्यापुढं पसरला. त्यानं वाचला, चष्मा काढला, परत वाचला आणि म्हणाला, "बसा. अर्ज नीट लिहू."

तारीख दोन महिन्यांनी लागली. तोवर प्लास्टर निघालं. हात बारीक, पांढुरका, दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा दिसत होता. मनगट वाकेना. सरकारी डॉक्टरनं एक यंत्र हातात देऊन "जोर लावा" म्हटलं. तिनं घाम फुटेस्तोवर जोर लावला. काटा जरासा हलला. डॉक्टरनं तिच्या हाताचं किती उरलं ते टक्क्यांत लिहिलं.

कंपनीचा वकील काळा कोट घालून आला होता. त्याला उत्तर तयार होतं. "मॅडम, हा आदेश अपघातानंतरचा आहे. अपघाताच्या दिवशी ट्रॉली ऐच्छिक होती. शिवाय बाई उभ्या होत्या."

अधिकारी वयस्कर बाई होत्या. त्यांनी कात्रीला विचारलं, "यावर काय म्हणणं आहे?"

नवरा मागच्या बाकावर होता, त्याच्याकडं बघावंसं वाटलं, पण तिनं बघितलं नाही. "बाईसाहेब, अपघाताच्या आधीची हजेरीची वही मागवा," ती म्हणाली. "ज्या दिवशी बाई चालत आली, त्या दिवशी तिच्या नावापुढं अर्धाच दिवस दिसेल. आणि मुकादमाच्या हातानं कारण लिहिलेलं असेल. तो कारण लिहिल्याशिवाय राहत नाही, त्याला अक्षराचा अभिमान आहे."

पुढच्या तारखेला वही आली. अधिकारी बाईंनी पानं उलटली. सुंदर, वळणदार अक्षरात नऊ ठिकाणी लिहिलेलं होतं, 'ट्रॉलीने आली नाही. अर्धा दिवस.'

मग ड्रायव्हरला बोलावलं. तो टोपी चुरगाळत उभा राहिला. अधिकारी बाईंनी विचारलं, "बाई उभ्या होत्या का?"

ड्रायव्हरनं वकिलाकडं बघितलं, मॅनेजरकडं बघितलं. "मी पुढं बघत होतो," तो म्हणाला. आणि मग एकदम, जणू त्याच्या पाठीत पुन्हा चप्पल बसली, "पण उभं राहायला जागाच नसते, बाईसाहेब. खिट्टीचं मी तीनदा सांगितलं होतं."

दुपारनंतर निकाल वाचून दाखवला. मालकाच्या गाडीतून, मालकाच्या नियमानं, दुसरा मार्ग नसताना केलेला प्रवास हा कामाचाच भाग आहे. अपघात कामाच्या ओघात झाला. गेलेल्या हाताची भरपाई आणि दवाखान्याचा खर्च कंपनीनं द्यावा.

मॅनेजर बाहेर पडताना कात्रीजवळ थांबला. "आम्ही वर दाद मागणार आहोत," तो म्हणाला. "आणि पुढच्या हंगामाला कामाची आशा ठेवू नका."

"या हातानं तोडणी व्हायची नाही, हे तुमच्याआधी मला कळलंय," कात्री म्हणाली. "जा, वर जा. तिथंही वही घेऊनच या."

मॅनेजर गाडीत बसून गेला. न्हाव्यानं श्वास सोडला. "पाचची बस गाठू," तो म्हणाला. "आई वाट बघत असेल."

कचेरीच्या पायऱ्यांवर एक बाई बसली होती. मांडीवर कागदांची पिशवी, डोळे रडून सुजलेले. त्या दिवशी आतून तिचा अर्ज परत आला होता. कात्री तिच्या बाजूनं खाली उतरत होती, तेवढ्यात तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला भरपाई मिळाली ना? मी दाराशी ऐकलं. माझा नवरा गिरणीत जेवणाच्या सुट्टीत पडला. जिन्यावरून. पाठ गेली. ते म्हणतात, सुट्टीत काम नसतं, तेव्हा तुझा प्रश्न तुझा."

"अगं, बस जाईल," न्हावी खालून म्हणाला.

"जाऊ दे," कात्री म्हणाली. ती त्या बाईशेजारी पायरीवर बसली, वाळलेला उजवा हात मांडीवर ठेवला आणि पिशवीतले कागद डाव्या हातानं ओढून घेतले.

"रडू नको. नीट सांग," ती म्हणाली. "जिना कुणाचा होता?"